छप्पर उघडणारे चौघे आणि एकच मध्यस्थ

पत्र

‘आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक. धाकटा भाऊ दोन वर्षांपासून दुसऱ्या मंडळीत जातो. तिथे फक्त बायबल मानतात; संत, मूर्ती, जपमाळ काही नाही. सहा महिन्यांपूर्वी आईला कर्करोग असल्याचं कळलं. केमोथेरपी चालू आहे. आईने संत अंतोनीला नवस केलाय, रोज नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) म्हणते, उशाशी पवित्र मरियेची छोटी मूर्ती ठेवते. मागच्या रविवारी भावाने मला एक कागद दिला. त्यावर पाच वचनं होती: १ तीमथ्य २:५, अनुवाद १८:१०-११, उपदेशक ९:५, प्रेषितांची कृत्ये १०:२५-२६ आणि निर्गम २०:४-५. म्हणाला, “यांची उत्तरं तुमच्या फादरकडून आण.” मग आईसमोरच म्हणाला, “ही मूर्ती घरात आहे तोवर तू बरी होणार नाहीस.” आई काही बोलली नाही. रात्री तिने मूर्ती कपाटात ठेवली आणि सकाळी पुन्हा बाहेर काढली.

मी ती वचनं वाचली. मला उत्तर देता आलं नाही. आता जपमाळ हातात घेतली की तीच आठवतात आणि ओठ थांबतात. भावाचं खरं आहे का? आईला थांबवू का? आणि ती बरी झाली, तर तो चमत्कार समजायचा का?

– एक बहीण’

उत्तर

ताई,

आईने मूर्ती रात्री कपाटात ठेवली आणि सकाळी परत काढली, हे वाचलं आणि मी पत्र थोडा वेळ बाजूला ठेवलं. पाच वचनांबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे. पण भावाचं सहावं वाक्य कागदावर नव्हतं, त्याच्याबद्दल आधी. ‘मूर्ती आहे तोवर तू बरी होणार नाहीस’ हे कुठल्या वचनात आहे, असं त्याला विचारा. शांतपणे विचारा, पण विचाराच.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला नेमकं हेच विचारलं होतं: पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणाला, याचंही नाही आणि त्यांचंही नाही (योहान ९). संकटांत सापडलेल्या ईयोबाला ‘तुझंच काहीतरी चुकलं असणार’ असं पटवत बसलेल्या मित्रांवर देव शेवटी रागावला, ईयोबावर नाही. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारा एक त्रास, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. ‘माझी कृपा तुला पुरे’ एवढंच उत्तर मिळालं. इफिसात ज्याच्या अंगावरचे रुमाल लावून लोक बरे होत होते, त्याच पौलाला आपला आजारी सोबती त्रफिम मिलेतात मागे ठेवून पुढे जावं लागलं. तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर तर त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. यांच्यापैकी कोणाच्या उशाशी मूर्ती होती?

माझे वडील आजारी असताना आमच्या घरीही एकाने येऊन ‘तुमचा विश्वास कमी पडतोय’ असं सांगितलं होतं. वडील गेले. ते वाक्य मात्र कितीतरी वर्षं आईच्या मनातून गेलं नाही. म्हणून सांगते, भावाशी बाकी कशावरही सबुरीने बोला, पण या एका वाक्यासाठी त्याने आईची माफी मागितली पाहिजे. तो ज्या बायबलच्या नावाने बोलतोय, तेच बायबल या वाक्याच्या विरोधात उभं आहे.

आता त्याचा कागद. तो फेकून देऊ नका, आणि ‘त्या लोकांनी त्याचं डोकं फिरवलंय’ असंही म्हणू नका. बिरुयातल्या लोकांनी खुद्द पौलाचा उपदेश ऐकून ‘हे असंच आहे का’ म्हणून रोज शास्त्र उघडून पाहिलं, आणि प्रेषितांच्या कृत्यांत (१७:११) त्यांचं कौतुक आहे. तुमच्या भावाने निदान शास्त्र उघडायला लावलं. आपल्यातल्या अनेकांनी ते वर्षानुवर्षं उघडलेलं नसतं.

वचनांकडे जाण्याआधी दोन शब्दांचा घोळ सोडवायला हवा. निम्मं भांडण त्यांचंच आहे. पहिला शब्द ‘संत’. पौल फिलिप्पैकरांना किंवा इफिसकरांना लिहितो तेव्हा मराठी बायबलमध्ये ‘पवित्र जन’ असे शब्द येतात, आणि ते त्या गावातल्या सगळ्या विश्वासणाऱ्यांसाठी आहेत. भांडणारे, चुकणारे, पौलाची बोलणी खाणारे सगळे त्यात आले. ज्यांची नावं मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) घेतली जातात त्या मोजक्या लोकांसाठी ‘संत’ हा शब्द राखून ठेवणं ही नंतरची रूढी. भावाने हे दाखवलं तर मान्य करा, ते खरं आहे. दुसरा शब्द ‘प्रार्थना’. ‘संतांची प्रार्थना’ असं आपण सहज म्हणतो. पण ती संतांनी केलेली की संतांना केलेली? मराठीतला ‘ची’ दोन्ही अर्थ पोटात घेऊन बसतो. कॅथलिक शिकवण पहिल्या अर्थावर उभी आहे: संत देवाकडे प्रार्थना करतात, आणि आपण त्यांना तशी विनंती करतो. भाऊ ऐकतो तो दुसरा अर्थ. आणि खरं सांगायचं तर आपल्यातले पुष्कळजण दुसऱ्याच अर्थाने वागतात.

१ तीमथ्य २:५ हे त्याच्या कागदावरचं सगळ्यात वजनदार वचन. देव एकच, आणि देव व माणसं यांच्यामधला मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू. याला कुठलीही पळवाट नाही आणि शोधूही नका. पण त्याला म्हणावं, चार ओळी वर जा. अध्यायाच्या पहिल्याच वचनात पौल सांगतो की सगळ्या माणसांसाठी विनंत्या, प्रार्थना, रदबदली करा. म्हणजे एकाने दुसऱ्यासाठी देवाकडे शब्द टाकल्याने ख्रिस्ताचं स्थान हलत नाही, उलट त्याच्यामुळेच ते शक्य होतं. पौल स्वतः रोमकरांना आणि इफिसकरांना ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हणून विनवतो. कफर्णहूमातल्या त्या पक्षाघात झालेल्या माणसाची गोष्ट आठवा (मार्क २). चौघांनी त्याला बाजेसकट उचलून आणलं, गर्दीमुळे दार मिळेना, तर छप्पर उघडून खाली सोडलं. आणि मार्क लिहितो की येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. उचलणारे चार होते, बरा करणारा एक. त्या आजाऱ्याने छपरावरच थांबून चौघांचे पाय धरले असते, तर गोष्ट तिथेच संपली असती.

याच वचनाच्या धाकाने रोमलाही आपली भाषा तपासावी लागली आहे, हे भावाला बहुधा माहीत नसेल. मरियेला ‘सहतारक’ म्हणावं अशी काही भाविकांची जुनी मागणी होती. २०२५ च्या नोव्हेंबरात व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाने पोपच्या संमतीने स्पष्ट केलं की ही पदवी योग्य नाही, कारण तिच्यामुळे ख्रिस्ताचं एकमेव तारकपण झाकोळतं. तुमच्या भावाची शंका आपल्या कॅथलिक घरात कोणालाच आलेली नाही असं समजू नका.

अनुवाद १८ मृतांना प्रश्न विचारायला मनाई करतं. तिथली संगत बघा: शकुन पाहणारे, जादूटोणा करणारे, भूत अंगात आणणारे. मृतांकडून गुप्त गोष्टी काढून घेण्याबद्दलची ती मनाई आहे. शौल राजा एन-दोरच्या बाईकडे गेला तो याचसाठी, शमुवेलाला वर बोलावून उद्याच्या लढाईचा निकाल विचारायला (१ शमुवेल २८). ‘आमच्यासाठी देवाकडे विनंती करा’ ही वेगळी गोष्ट आहे. त्यात ना कोणाला वर बोलवायचं असतं, ना उत्तर काढून घ्यायचं असतं. पण कोणी संताच्या नावाने कौल लावत असेल, स्वप्नात येऊन सांग म्हणत असेल, तर त्याला हे वचन पुरतं लागू पडतं.

उपदेशक ९:५, ‘मेलेल्यांना काही कळत नाही’, यावर फार वेळ घालवू नका. ते पुस्तक सूर्याखालच्या आयुष्याकडे बघून निःश्वास टाकतं. पुनरुत्थान नाही म्हणणाऱ्या सदूकींना येशूने ऐकवलंच की अब्राहाम, इसहाक, याकोब यांचा देव मेलेल्यांचा नव्हे, जिवंतांचा देव आहे. प्रकटीकरणात वेदीखालचे हुतात्मे ‘किती वेळ, प्रभो?’ म्हणून मोठ्याने विचारतात (६:९-१०). त्यांना काही कळत नसतं तर त्यांनी विचारलं कसं असतं?

आता भावाची जी वचनं खरोखर बोचतात, ती. कर्नेल्य नावाचा रोमी अधिकारी येशूचा शिष्य पेत्र याच्या पाया पडला तेव्हा पेत्राने त्याला उठवलं, ‘मीही माणूसच आहे.’ भावाने याहून जबरदस्त प्रसंग दिला नाही, तो मी देते. लुस्त्र गावात पौलाच्या शब्दाने एक जन्मपांगळा उठून चालू लागला. लोकांनी बर्णबाला झ्यूस आणि पौलाला हर्मेस ठरवलं, पुजारी बैल आणि हार घेऊन आला. त्या दोघांनी आपले कपडे फाडले, गर्दीत धावत गेले आणि ओरडून सांगितलं की आम्ही तुमच्यासारखीच माणसं आहोत (कृत्ये १४). प्रकटीकरणात योहान देवदूताच्या पाया पडतो, एकदा नव्हे दोनदा, आणि दोन्ही वेळा देवदूत त्याला थांबवतो. कॅथलिक परंपरा याला उत्तर देते की आराधना फक्त देवाची आणि संतांना फक्त मान. इसवी सन ७८७ मध्ये निकीयाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने हा भेद लेखी केला. त्याच्याही सुमारे चार शतकं आधी संत ऑगस्टीनने समजावलं होतं की आपण वेदी हुतात्म्याला नव्हे, हुतात्म्याच्या देवाला बांधतो. हा भेद मला पटतो. पण तो ग्रंथात असून भागत नाही, गुडघ्यातही उतरावा लागतो. मूर्तीपुढे रडणाऱ्या माणसाच्या मनात तो त्या क्षणी आहे का, हे फक्त देव जाणतो. पेत्राने मात्र कर्नेल्याला ‘तू मान देतोयस की आराधना करतोयस’ असं विचारलं नाही. आधी उठवलं.

निर्गम २० बद्दल नेहमीचं उत्तर असं, की पाचच अध्यायांनंतर देवानेच कराराच्या कोशावर (आज्ञांच्या पाट्या ठेवायच्या पेटीवर) सोन्याचे दोन करूब, म्हणजे पंखांचे स्वर्गीय जीव, घडवायला सांगितले, आणि रानात सर्पदंशाने माणसं मरू लागली तेव्हा मोशेला पितळेचा साप करून खांबावर लावायला सांगितलं. म्हणजे सरसकट प्रतिमाच नको असं नाही. उत्तर बरोबर आहे, पण अर्धं. त्या सापाचं पुढे काय झालं, हे आपण सहसा वाचत नाही. शेकडो वर्षांनी इस्राएल लोक त्याच सापाला धूप जाळू लागले, आणि हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले (२ राजे १८:४). देवाच्या आज्ञेने घडवलेली, ज्याच्याकडे पाहून माणसं वाचली होती अशी वस्तू! आणि शास्त्र त्या राजाला शाबासकी देतं. तुमच्या भावाच्या पाच वचनांपेक्षा हे एक वचन माझ्या मनाला जास्त टोचतं. खरी, पवित्र, उपयोगी ठरलेली वस्तूही वाटेत धोंड होऊ शकते. ती झाली आहे की नाही, एवढंच आपण पाहायचं.

मग बायबलमध्ये पृथ्वीवरच्या कोणी स्वर्गवासी भक्ताकडे ‘माझ्यासाठी प्रार्थना कर’ म्हटल्याचं स्वच्छ उदाहरण आहे का? नाही. हे भावाला तोंडावर सांगा, त्याने तुमची पतच वाढेल. येशूचं रूप तेजस्वी झालं त्या डोंगरावर फार पूर्वीचे संदेष्टे मोशे आणि एलीया येशूशी बोलतात, पण शिष्य त्यांच्याशी बोलत नाहीत. पेत्र तीन मंडप बांधू पाहतो तेवढ्यात ‘याचे ऐका’ अशी वाणी होते आणि मग येशूशिवाय कोणीच दिसत नाही. येशूच्या दाखल्यातला श्रीमंत माणूस मेल्यावर ‘बापा अब्राहामा’ अशी हाक मारून मागतो, ते त्याला मिळत नाही. दुसऱ्या मक्काबी पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात यिर्मया मरणानंतरही लोकांसाठी प्रार्थना करताना दिसतो, पण तिथेही कोणी त्याला विनवलेलं नाही, आणि ते पुस्तक भावाच्या बायबलमध्ये नाही.

मग कॅथलिक शिकवण येते कुठून? पायरीपायरीने. जे प्रभूत मेले ते त्याच्याजवळ जिवंत आहेत. मरण आपल्याला ख्रिस्ताच्या प्रीतीपासून तोडू शकत नाही (रोम ८). प्रकटीकरण ५:८ मध्ये स्वर्गातल्या चोवीस वडीलजनांच्या हातात सुगंधाने भरलेल्या सोन्याच्या वाट्या आहेत, आणि तो सुगंध म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना. नीतिमानाच्या प्रार्थनेत बळ असतं, असं याकोब सांगतो. म्हणून शेजाऱ्याला ‘आठवण ठेवा’ म्हणतो तसं त्यांनाही म्हणता यावं. यातली शेवटची पायरी अनुमानाची आहे आणि ख्रिस्तसभेच्या जुन्या वहिवाटीची. दुसऱ्या शतकातच स्मुर्ण्याच्या ख्रिस्ती लोकांनी आपला हुतात्मा बिशप पॉलिकार्प याची हाडं जपून ठेवली, आणि त्याच वृत्तान्तात लिहून ठेवलं की आराधना आम्ही फक्त पुत्राची करतो, हुतात्म्यांवर प्रभूचे शिष्य म्हणून प्रेम करतो. भावाची मंडळी ती शेवटची पायरी चढत नाही. त्यांचं कारण प्रामाणिक आहे.

आणि दरी तो सांगतो तेवढी खोल नाही. प्रोटेस्टंट चळवळीचा आरंभ करणारा मार्टिन ल्यूथर १५०५ साली वादळात सापडला तेव्हा त्याने संत आन्नाचा धावा करून संन्यासी होण्याचा नवस बोलला होता. पुढे त्याच्याच बाजूने १५३० साली ऑग्सबुर्गचा विश्वासनामा आला. संतांचा विश्वास आठवावा, त्यांचा कित्ता गिरवावा, पण त्यांच्याकडे मागावं असं शास्त्र शिकवत नाही, ही त्यातली भूमिका. त्या विश्वासनाम्याची बाजू मांडणाऱ्या ‘समर्थन’ या लेखात मात्र, स्वर्गातले संत ख्रिस्तसभेसाठी सर्वसाधारणपणे प्रार्थना करतात, हे कबूल केलेलं आहे. उलट बाजूला कॅथलिकांच्या ट्रेंट धर्मपरिषदेने १५६३ च्या डिसेंबरात काय म्हटलं? संतांना विनवणं ‘चांगलं आणि उपयुक्त’ आहे. आवश्यक आहे, असं म्हटलं नाही. त्याच ठरावात अंधश्रद्धा आणि पैशांची हाव काढून टाका, बिशपने तपासल्याशिवाय नवा चमत्कार मानू नका, असंही बजावलं.

ताई, तुमचे ओठ थांबतात ना, त्याला उत्तर इथे आहे. घरच्या प्रार्थनेत एखाद्या संताकडे मागितलंच पाहिजे असा नियम तुमच्यावर नाही. येशूकडे मात्र जायचंच आहे. जपमाळ घेतल्यावर अडखळायला झालं, तर ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणा आणि त्या त्या रहस्यातला, म्हणजे जपमाळेबरोबर मनन करायचा, येशूचा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. ‘नमो मरिया’चा पूर्वार्ध तर लूकच्या पहिल्या अध्यायातलाच आहे, गब्रिएल आणि अलीशिबा यांच्या तोंडचा. तेवढाच म्हणून थांबलात तरी तुम्ही कोणाचा अपमान करत नाही. काना गावच्या लग्नात मरियेने सेवकांना जे सांगितलं, ‘तो सांगेल ते करा’, त्याच्यापलीकडे तीही काही मागत नाही.

चमत्काराबद्दल तुम्ही विचारलंत. मला वाटतं, भावाला बायबलमधून कॅथलिकांना खरा अवघड प्रश्न विचारायचा असता, तर तो मूर्तीचा नाही, हा आहे: चमत्कार हा पवित्रतेचा पुरावा कधीपासून झाला? बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने एकही चिन्ह केलं नाही, असं योहान १०:४१ सांगतं. आणि स्त्रियांपासून जन्मलेल्यांत त्याच्याहून मोठा कोणी नाही, हे येशूचे शब्द. रोग बरे करण्याचा अधिकार ज्या बारा जणांना मिळाला, त्यांत यहूदा इस्कर्योतही होता. ‘तुझ्या नावाने आम्ही पुष्कळ अद्भुत कृत्ये केली’ म्हणणाऱ्यांना येशू ‘मी तुम्हाला ओळखत नाही’ असं सांगणार आहे (मत्तय ७). अनुवाद १३ तर म्हणतं, संदेष्ट्याची खूण खरी ठरली, पण तो दुसऱ्या देवांमागे चला म्हणाला, तर त्याचं ऐकू नका.

याला ख्रिस्तसभेचं उत्तर आहे, आणि ते लोकांना वाटतं त्यापेक्षा संयमी आहे. संतपदाच्या प्रक्रियेत चमत्कार सगळ्यात शेवटी येतो. आधी त्या माणसाचं आयुष्य, लिखाण, वागणूक वर्षानुवर्षं तपासतात. हुतात्म्याला ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करायला चमत्कार लागतच नाही. पोप जॉन तेविसावे यांना २०१४ साली, एरवी लागणाऱ्या दुसऱ्या चमत्काराशिवायच, संत घोषित केलं गेलं. ज्या बरं होण्याला चमत्कार म्हणायचं, त्याच्या कसोट्या अठराव्या शतकात प्रॉस्पेरो लांबेर्तिनी यांनी, म्हणजे पुढच्या पोप बेनेडिक्ट चौदाव्यांनी, मांडल्या: आजार गंभीर हवा, आपोआप ओसरण्याच्या बेतात नको, औषधोपचाराने त्याचा खुलासा होता कामा नये, बरं होणं अचानक, पूर्ण आणि टिकाऊ हवं. आजही डॉक्टरांचं मंडळ आधी बसतं. २०१६ च्या नियमांप्रमाणे सातपैकी निदान पाच जणांना ते वैद्यकीयदृष्ट्या अनाकलनीय वाटावं लागतं. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थळी १८५८ पासून हजारोंनी बरं झाल्याची नोंद केली. ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना शंभरही नाहीत. आणि जिला तिथे मरियेचं दर्शन झालं ती बर्नाडेट स्वतः आयुष्यभर दुखणाईत राहिली, पस्तिसाव्या वर्षी क्षयाने गेली. ती बरी झाली नाही म्हणून तिच्या विश्वासात खोट होती, असं कोणी म्हणेल का?

तुमच्या आईचे उपचार चालू आहेत. ती बरी झाली, आणि व्हावी अशी माझीही मनापासून प्रार्थना आहे, तर ख्रिस्तसभेच्या अर्थाने तो चमत्कार ठरणार नाही, कारण औषधाने गुण आला असं म्हणायला जागा आहे. त्यात गमावण्यासारखं काय आहे? औषधाचा गुणही देवाचाच. सिराखचं पुस्तक वैद्याला मान द्या म्हणतं, त्यालाही देवानेच निर्माण केलंय. पांगळा चालू लागल्यावर पेत्राने देवळातल्या गर्दीला विचारलं होतं, आमच्याच सामर्थ्याने हे झालं असं समजून आमच्याकडे काय बघता? हा प्रश्न संत अंतोनीही विचारेल. आभार मानताना आईने तेवढं लक्षात ठेवलं की झालं.

राहिला नवस. कॅथलिक शिकवणीप्रमाणे नवस हे देवाला दिलेलं वचन असतं, संताला नाही. शमुवेलाची आई हन्ना हिने तो देवापुढेच बोलला होता. आईला एवढंच हळूच सांगा, की नवस फेडायचा तो देवाला, आणि बरं वाटलं नाही तरी देणं बाकी राहत नाही, देव वसुलीला येत नाही. आणि तिच्या फोनवर ‘ही प्रार्थना नऊ जणांना पाठवा, नाहीतर अनर्थ होईल’ असे निरोप येत असतील, तर ते तिच्या संमतीने पुसून टाका. ती भक्ती नाही, भीती आहे. तिथे भाऊ शंभर टक्के बरोबर आहे आणि तुम्ही त्याला तसं सांगितलं पाहिजे.

बाकी आईला थांबवू नका. केमोच्या रात्री झोप येत नसताना हातात मणी लागतात, उशाशी कोणीतरी आहे असं वाटतं, ते तिच्याकडून काढून घेण्याचा अधिकार तुम्हाला नाही, भावालाही नाही. दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण, असं पौल रोमकरांस १४ मध्ये विचारतो, आणि तिथे वाद होता तोही श्रद्धेतल्या गोष्टी पाळण्यावरूनच. तिचे डोळे मूर्तीशी थांबतात की पुढे जातात, हे तुम्हाला जाणून घ्यायचं असेल, तर एकदा तिच्याशेजारी बसून विचारा: आई, तू प्रार्थना करतेस तेव्हा मनात काय म्हणतेस? वाद घालायला नव्हे, ऐकायला विचारा. मला वाटतं, ती येशूचंच नाव घेईल.

आणि भावाला पुढच्या रविवारी कागद परत द्या, कागदाच्या मागच्या बाजूला तुम्ही एक वचन लिहून: याकोब ५:१४. तुमच्यापैकी कोणी आजारी आहे का? त्याने मंडळीच्या वडिलांना (म्हणजे प्रमुखांना) बोलवावं, त्यांनी तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी. हे त्याच्याही बायबलमध्ये आहे आणि आपल्याही. फादरना घरी बोलवा, आईला तेलाचा तो संस्कार मिळू दे, आणि भावालाही तिथे उभं राहायला सांगा. त्याला त्याच्या पद्धतीने, थेट येशूच्या नावाने, आईच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू दे. माफीचे दोन शब्द त्याला तेव्हा सुचले तर उत्तम, नाही सुचले तर तुम्ही आठवण करून द्या. बाजेला धरायला चौघं लागतात आणि तो त्यातला एक आहे, हे त्याला आईकडूनच ऐकायला मिळालं तर बरं.

आईचा पुढचा केमो कधी आहे? तपासण्यांचं काय होतं ते आणि ती काय म्हणाली ते, दोन्ही मला कळवा.